लाल रेघेखालचा माणूस

समजा, तुम्हाला एक माणूस काढायचा आहे. चेहरा नको, कपडे नकोत, हाताची बोटंसुद्धा नकोत. वय दिसता कामा नये, गरिबी-श्रीमंती दिसता कामा नये. नुसता काळा आकार. पण तो चालतोय हे कळलं पाहिजे, आणि धावत नाहीये, पडत नाहीये, नाचत नाहीये हेही कळलं पाहिजे. ज्याला एक अक्षर वाचता येत नाही त्याला कळलं पाहिजे आणि ज्याचा चष्मा घरी राहिलाय त्यालाही. घ्या पेन्सिल. डोकं म्हणून एक गोल काढा, खाली धड, मग दोन पाय, पायांत अंतर. आता कागद भिंतीला लावा आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बघा.

बहुतेक तुम्हाला चिमटा दिसेल. माझ्या आत्याचा पहिला माणूसही चिमटाच निघाला होता. तो पुठ्ठ्यावर चिकटवून तिनं बसस्थानकात नेला आणि बाकावर बसलेल्या एका म्हातारीला विचारलं, "आजी, हे काय आहे?"

म्हातारीनं मान तिरकी करून बघितलं. "चिमटा आहे. पण मला नको बाई, घरात आहे."

हे सांगताना आत्या अजूनही हसते. पुढच्या हकिकतीत तिच्या हसण्याच्या जागा आहेत, पण ते हसणं वेगळं आहे.

आत्या वाहतूक खात्याच्या चित्रशाखेत आरेखक होती. शाखा म्हणजे बसदुरुस्तीच्या कारखान्यावरची एक लांबलचक खोली. खालून हातोड्यांचा आवाज आणि डिझेलचा वास, वर उतरती टेबलं, टी-पट्ट्या, शाईच्या बाटल्या आणि कागद चिकटवायच्या रबर सोल्युशनचा वास. कॉम्प्युटर यायला अजून अवकाश होता. मोठं चिन्ह करायचं तर लालभडक थर दिलेली पारदर्शक फिल्म वापरायचे. त्या थरावर बारीक ब्लेडनं आकार कापायचा आणि आजूबाजूचा लाल पापुद्रा सोलून काढायचा. उरलेला लाल आकार कॅमेऱ्याला काळा दिसतो, मग फोटो घेऊन तो हवा तेवढा मोठा करता येतो. ब्लेड जरा जास्त दाबलं तर खालचं प्लॅस्टिक चिरतं, कमी दाबलं तर पापुद्रा फाटतो. आत्यानं कापलेली कड बघून लोक विचारत, ही छापलीय का. तिच्या जिभेलाही तीच धार होती. शाखेत तिला ब्लेडबाई म्हणत, अगदी तोंडावर.

त्याआधी स्थानकांवर चित्रं नव्हतीच, नुसती अक्षरं होती. ती रंगवणारे पेंटर होते आणि आमचे आजोबा त्यांतलेच एक. घरात सगळे त्यांना अण्णा म्हणत. खडू लावलेला दोरा ताणून पाटीवर रेघ उमटवायची, मनगटाखाली काठीचा आधार घ्यायचा आणि एका दमात अक्षर ओढायचं, हे त्यांनी जन्मभर केलं. ब्रश उचलून उचलून त्यांचा उजवा खांदा डाव्यापेक्षा थोडा वरच राहिला होता. नव्या शर्टाची उजवी बाही त्यांना नेहमी आखूड व्हायची आणि शिंप्याला उगाच बोलणी बसायची.

मग बसमार्ग वाढले. लांबलांबचे लोक येऊ लागले. कुणाची भाषा वेगळी, कुणाला कुठलीच लिपी येत नाही, सगळे एकाच खिडकीपुढे येऊन "बाहेरचा रस्ता कुठला?" विचारणार. खात्यानं ठरवलं की पाटी वाचायची गोष्ट न राहता बघायची गोष्ट झाली पाहिजे. त्यासाठी बाहेरून शिकून आलेला एक प्रमुख नेमला गेला. शाखेत त्याला साहेब म्हणत. आमच्या घरात त्याचं नाव कधीच घेतलं गेलं नाही, तिथं तो 'मानेवाला'. त्याची मान खांद्यांच्या बरीच पुढे असायची. आत्या म्हणते, खोलीत आधी त्याचं डोकं शिरायचं, बाकीचा माणूस मागून यायचा.

चिमट्यानंतर आत्यानं कंपास आणि पट्टी बाजूला ठेवली. तिच्या लक्षात आलं होतं की मनानं काढलेला माणूस फार नीट उभा राहतो, खरा माणूस कधीच इतका नीट उभा नसतो. मग एका सुट्टीच्या दिवशी तिनं स्वयंपाकघराच्या खिडकीवर जाड चादर टांगून भरदुपारी अंधार केला, भिंतीला मोठा कागद लावला आणि अण्णांना कागदाला खेटून उभं केलं. दिवा पार दुसऱ्या भिंतीपाशी ठेवला. दिवा जवळ ठेवला तर सावली फुगते, लांब ठेवला तर माणसाएवढी राहते. माझी आई तेव्हा नुकतीच लग्न होऊन आली होती. तिला वाटलं, या घरात असंच असतं.

"पाऊल पुढे, अण्णा. मागची टाच उचला."

"किती वेळ?"

"पेन्सिल फिरेपर्यंत."

"माझा धंदा बसवायला निघालीस आणि उभंही मलाच करतेस होय?"

"हलू नका."

"मी नाही हलत. पोट हलतंय, हसतोय म्हणून."

"मामंजी, तुमचा चहा गार होतोय," आई अंधारातून म्हणाली.

"होऊ दे. तुझ्या नणंदेनं पाय अडकवून ठेवलाय माझा."

एका पायावर तोल राहीना म्हणून अण्णांनी फडताळाची कड धरली होती. फडताळ धरलेला तो हात आत्यानं नंतर फिल्मवर सरळ खाली आणला. बाकी सावली तशीच ठेवली, वर राहिलेल्या उजव्या खांद्यासकट. तिनं तो खांदा एकदा कापून सरळ करून बघितला होता. माणूस लगेच मेला. म्हणून पुन्हा उचलला.

हा माणूस घेऊन ती परत स्थानकात गेली. या वेळी एका हमालाला विचारलं. त्यानं डोक्यावरचं गाठोडं न उतरवता बघितलं आणि म्हणाला, "निघालाय कुणीतरी. घरी चाललाय वाटतं."

घराचं तिनं विचारलंच नव्हतं.

पाट्या लागायच्या आधी अण्णा गेले. सकाळी दाढी करता करता. पाट्या लागल्यावर कित्येक दिवस आत्या कामावरून घरी यायची ती मुद्दाम वाट वाकडी करून, स्थानकातून. बाहेर जायच्या दारावर, पुलाच्या पायऱ्यांवर, सगळीकडे अण्णा चालत होते. गर्दी त्यांच्या मागून जात होती. "पेंटर म्हणून त्यांच्याकडे वळून कुणी बघितलं नसेल," ती म्हणायची, "आता बघितल्याशिवाय कुणाला बाहेर पडता येत नाही."

मग त्या चिन्हांना मोठा पुरस्कार मिळाला. छपाईच्या धंद्यातल्या एका मासिकात मानेवाल्याचा लांबलचक लेख आला. आत्यानं तो टेबलाशी उभं राहून वाचला. मानवी शरीराचा वर्षभर अभ्यास करून आपण ही आकृती सिद्ध केली, असं त्यात होतं. 'चालण्यातला आत्मविश्वास दाखवण्यासाठी उजवा खांदा हेतुपूर्वक उचलला आहे' असंही होतं. खाली फोटो होता, लाल फिल्म आणि ब्लेड धरलेला एक हात. हात आत्याचा. मनगटाच्या वरचं सगळं कापलेलं. फोटोखाली लिहिलं होतं, 'शाखेतील कटिंगचे काम'.

ती मासिक घेऊन त्याच्या केबिनमध्ये गेली.

"साहेब, ते माझे वडील आहेत."

"कोण?"

"हा चालणारा. त्यांची सावली आहे ही. खांदा त्यांचा आहे. हेतुपूर्वक वगैरे काही नाही, ब्रश उचलून तसा झाला होता."

तो चिडला नाही. त्यानं तिला बसायला सांगितलं, हेच तिला जास्त लागलं. "हे बघ, चिन्ह झालं की माणूस संपतो. तो कुणाचा बाप राहत नाही, कुणाचा नवरा राहत नाही. एवढं तुला कळत असतं तर तू आज कापत बसली नसतीस."

आत्या उठली. घरी आली आणि जेवली नाही. बाबांनी, म्हणजे तिच्या दादानं, विचारलं, "काय म्हणाला?"

"म्हणाला, चिन्ह झालं की माणूस संपतो."

"मग?"

"मग काही नाही. बघू कोण संपतो."

त्या दिवसापासून तिला एकच गोष्ट हवी होती. त्यानं अण्णांना जसं नाव पुसून भिंतीवर लावलं, तसं त्याला लावायचं. आणि कधीतरी त्याच्यासमोर उभं राहून सांगायचं, हा तुम्ही आहात.

संधी चालत आली. पुरस्कारानंतर खात्यानं दुसरा संच मागवला, मनाईच्या चिन्हांचा. धूम्रपान नको, खिडकीतून हात बाहेर नको, फाटकाला टेकू नका, थुंकू नका. प्रत्येक चिन्हावर गोल आणि तिरकी लाल रेघ. काम अर्थातच ब्लेडबाईकडे.

मानेवाल्याला व्याख्यानाची हौस होती. दर आठवड्याला तो शाखेतल्या सगळ्यांना समोर बसवून जगभरच्या चिन्हांच्या स्लाइड्स दाखवायचा. जुन्या दुकानांवर टांगलेल्या लाकडी किल्ल्या आणि बूट, आगगाडीच्या पाट्या, खेळाडूंच्या आकृत्या. विषय चांगला असायचा, हे आत्याही नाकबूल करत नाही. पण बोलता बोलता तो प्रोजेक्टरच्या उजेडात यायचा आणि स्लाइडवर त्याचीच सावली पडायची. बाजूनं, स्वच्छ, माणसाएवढी. पुढे काढलेली मान, लोंबता खालचा ओठ, आत ओढलेलं पोट, पाठीमागे बांधलेले हात. लोक पडद्यावरचं चित्र दिसत नाही म्हणून माना वाकड्या करायचे. आत्या पहिल्या रांगेत बसून मांडीवरच्या पॅडवर सावली उतरवून घ्यायची. त्याला वाटायचं, ती टिपणं काढतेय. एकदा सगळ्यांसमोर तिचं कौतुकही केलं त्यानं.

पुढे निघालेली मान थुंकणाऱ्या माणसाला अशी काही शोभली की तिला फार बदल करावाच लागला नाही. ओठ जरासा उघडला, त्यापुढे थेंब टाकले, वरून लाल रेघ ओढली. ती रेघ बरोबर गळ्यावरून जाते. "ती तिथून जावी लागते," आत्या म्हणते, "नाहीतर थेंब झाकले जातात." आणि मग हसते.

फिल्म कॅमेऱ्याच्या खोलीत गेली. तिथला कॅमेरावाला दिवसभर अंधारात काम करायचा म्हणून त्याला सगळे घुबड म्हणत. त्यानं निगेटिव्ह उजेडावर धरली आणि तसाच स्टुलावर बसला.

"ब्लेडबाई, नोकरी जड झालीय का तुला?"

"का? कड फाटलीय?"

"कड कसली. हा आपला..."

"नाव घ्यायचं नाही."

"नाव कशाला लागतं? माझ्या बायकोनं त्याला एकदाच बघितलंय, तीही ओळखेल. सगळ्यांना कळेल."

"कळू दे. त्याला जाऊन सांगणार कोण? तू?"

घुबडानं निगेटिव्ह खाली ठेवली. "मी अंधारात असतो. मला काही दिसत नाही."

राहिली मंजुरी. चिन्ह तपासायची मानेवाल्याची एक ठरलेली रीत होती आणि ती त्यानंच शाखेला लावली होती. चिन्ह जवळून बघायचं नाही. लांब व्हरांड्याच्या एका टोकाला ते टांगायचं, दुसऱ्या टोकाला उभं राहायचं आणि डोळे किलकिले करून बघायचं. "प्रवासी जवळ पोचला की चिन्हाचं काम संपलेलं असतं," तो म्हणायचा. अंधुक दिसूनही अर्थ लागला की पसंत, नाही लागला की परत. त्यामुळे चिन्हावर नाक टेकवून बघायची सवय त्याला नव्हतीच.

एक एक पाटी टांगली गेली आणि पटापट पास झाली. थुंकणारा आला तेव्हा तो थोडा थांबला. डोळे बारीक केले, उघडले, परत बारीक केले. आत्या पाटीशेजारी उभी होती. शिपाई छताकडे बघत होता.

"थेंब कमी कर," तो लांबून म्हणाला. "पसरतायत."

आत्यानं थेंब कमी केले. त्यानं पाटीच्या मागं सही केली.

त्या संध्याकाळी तिनं घरी सगळ्यांसाठी मिठाई आणली. आईनं कारण विचारलं तर म्हणाली, "ओळखलं नाही मेल्यानं." कसं ओळखलं नाही याचं तिचं उत्तर तयार होतं. माणूस आरशात स्वतःला समोरून बघतो. बाजूनं आपण कसे दिसतो हे सगळ्या जगाला ठाऊक असतं, आपल्याला सोडून.

पाट्या सगळ्या स्थानकांत लागल्या. आणि तुम्हाला माहीतच आहे, थुंकणारे लोक कुठे थुंकतात. बरोबर त्या पाटीखाली. काही जण नेम धरून पाटीवर. आत्याला हे आधी सुचलं नव्हतं, ते वरकड मिळालं. ती येता-जाता बघायची आणि तिचा दिवस चांगला जायचा. बाबा कामावरून आले की चप्पल काढता काढता बातमी द्यायचे, "आज तुझा साहेब पार कानापर्यंत रंगलाय." शाखेतला शिपाई तर स्थानकात शिरताना त्या पाटीला सलाम करायचा. आमच्या घरातल्या मुलांना किती तरी दिवस वाटत होतं की तो कुणीतरी दूरचा नातेवाईक आहे, ज्याच्याशी बोलणं बंद आहे.

आईला हे पटत नव्हतं. "वन्सं, एवढा राग पोटात ठेवून तुम्हाला जेवण कसं पचतं?"

"त्याच्यावरच पचतं, वहिनी."

पण खरं सांगायचं तर तिला पूर्ण पचत नव्हतं. मानेवाला वर चढत गेला, मोठ्या खुर्चीवर गेला, निवृत्त झाला, आणि आपण भिंतीभिंतीवर खोडलेले आहोत हे त्याच्या गावीही नव्हतं. ज्याला चटका बसला हे कळतच नाही, त्याला चटका दिला असं कसं म्हणायचं? सांगावं तर नोकरी होती. नोकरी होती तोवर गप्प, आणि नोकरी संपली तेव्हा तो कुठल्या तरी दुसऱ्या भागात राहायला गेला होता.

मध्ये कॉम्प्युटर आला. त्याच्याबरोबर रंगीत चिकट शीट कापणारं यंत्र आलं. त्याला ना दाब सांगावा लागतो ना पापुद्रा फाटतो. नवी चिन्हं तयारच मिळू लागली, सगळीकडे सारखी, गोल डोक्याची. जुन्या पाट्या उतरवून कारखान्याच्या मागच्या आवारात रचल्या. आत्या निवृत्तीचे कागद आणायला गेली तेव्हा तिनं तो ढीग बघितला. वर अण्णा, त्याखाली मानेवाला, त्याखाली परत अण्णा. दोघं एकाच भंगारात निघालेले. घरी येऊन ती म्हणाली, "हे गेलं की माझ्याकडे दाखवायला काही उरत नाही. त्याच्याकडे तो लेख तरी आहे."

चित्रकलेच्या एका कॉलेजातल्या मुलांनी तो ढीग वाचवला. त्यांना रस्त्यावरच्या चिन्हांच्या इतिहासाचं प्रदर्शन करायचं होतं. ही बातमी घुबडानं फोनवर दिली. डोळे अधू झाले होते त्याचे, कान मात्र शाबूत. "आणि पाहुणा कोण आहे माहीतय का?" त्यानं विचारलं. आत्यानं फोन ठेवला आणि कपाटातली चांगली साडी काढली.

"मी येते बरोबर," आई म्हणाली. "तुम्ही एकट्या गेलात तर परत पोलिसांबरोबर याल."

प्रदर्शन नीट मांडलं होतं. एका टोकाला पेंटरांच्या रंगवलेल्या पाट्या, मग कापलेली लाल फिल्म, मग यंत्राची शीट. चालणाऱ्या माणसाची पाटी मधोमध, वर स्वतंत्र दिवा. खाली कार्डावर मानेवाल्याचं नाव, हुद्दा, पुरस्काराचं वर्ष. आत्यानं कार्ड वाचलं. पर्स नुसती या हातातून त्या हातात घेतली.

मग तो आला. सुनेनं कोपर धरलं होतं. मान आता इतकी पुढे वाकली होती की तो बहुतेक जमीनच बघत होता. मुलं त्याला पाटीपाटीपुढे नेत होती. थुंकणाऱ्या माणसापुढे तो थांबला आणि मुलांना म्हणाला, जरा बघू दे. जुने डाग मुलांनी पुसले नव्हते, तेही इतिहासाचा भाग म्हणून. सून फोनवर बोलायला बाजूला गेली. आत्या जाऊन त्याच्या शेजारी उभी राहिली. 'हा तुम्ही आहात' हे एक वाक्य तिनं इतकी वर्षं तोंडात घोळवलं होतं की ते बोलायला तिला श्वाससुद्धा घ्यावा लागला नसता.

त्यानं तिच्याकडे बघितलं नाही. पाटीकडेच बघत म्हणाला, "मान जास्त पुढे घेतलीस तू. तेव्हा माझी एवढी नव्हती."

आत्या म्हणते, तोंडातला घास काढून घ्यावा तसं झालं. तिचं वाक्य त्यानं बोलून टाकलं होतं. तिला एवढंच सुचलं, "कधी कळलं?"

तो मान वळवू शकत नव्हता, म्हणून सगळाच तिच्याकडे वळला. ओठ हलले. तेवढ्यात एक मुलगी आली, "सर, माईक तयार आहे," आणि त्याला घेऊन गेली.

व्यासपीठावर बसून त्यानं जुनंच सांगितलं. मानवी शरीराचा वर्षभर अभ्यास, उचललेला खांदा, आत्मविश्वास. आईनं आत्याचा पदर धरला होता, तो तिनं सोडवून घेतला आणि उभी राहिली. आवाज चढवला नाही.

"तो अभ्यास माझ्या वडिलांनी एका पायावर उभं राहून केला," ती म्हणाली. "आमच्या स्वयंपाकघरात. खांदा ब्रशमुळे वर गेला होता, पाट्या रंगवायचे ते. सावली मी उतरवली, कापली मी. साहेबांना विचारा."

सगळ्यांनी मागे वळून बघितलं आणि मग पुढे. मानेवाल्यानं माईक थोडा जवळ ओढला.

"मी नाकारत नाही," तो म्हणाला.

झालं. पुढे त्यानं पाणी मागितलं आणि कार्यक्रम आटोपला. आत्या अजून चिडते. "नाकारत नाही म्हणे. फायलीवर शेरा मारल्यासारखं." पण मुलांनी चार दिवसांत कार्ड बदललं. नव्या कार्डावर अण्णांचं नाव आहे, त्यापुढे 'पेंटर', आणि आत्याचं नाव त्यांच्या खाली. ती जाऊन बघून आली. खांदा उजवा लिहिलाय ना, तेवढं आधी तपासलं.

आईला वाटलं, आता तरी हे प्रकरण मिटलं. "अण्णा मिळाले ना परत, वन्सं?"

"मिळाले."

"मग आता काय राहिलं?"

राहिलंय ते त्या पाटीमागच्या सहीचं. घुबडाचं म्हणणं, त्याला नंतर कळलं, शिपायाच्या सलामावरून. सगळी शाखा हसते आणि आपण का हसत नाही, एवढं तर कुणालाही कळेल. बाबा म्हणतात, "एवढं डोक्यात घालण्यापेक्षा जाऊन विचार ना. सुनेनं मुलांना पत्ता दिलाय."

"त्याच्या दारात? मी?" एवढंच उत्तर येतं.

पण ती व्हरांड्यातला तो थांबलेला क्षण पुन्हा पुन्हा उलगडून बघते. बाकीच्या चिन्हांना तो थांबला नव्हता. डोळे उघडून परत बारीक का केले? थेंबांसाठी, की मानेसाठी? घाबरून गप्प बसला असेल तर तिला चालेल. पाप फेडायचं म्हणून सही केली असेल तर तेही ती कसंबसं गिळेल. तिसरी शक्यता मात्र तिला झोंबते. त्यानं स्वतःला ओळखलं असेल, लाल रेघ आपल्या गळ्यावर आहे हे बघितलं असेल, आणि तरीही सही केली असेल, कारण लांबून चिन्ह चोख दिसत होतं, काम चांगलं झालं होतं. तसं असेल तर 'चिन्ह झालं की माणूस संपतो' असं तो म्हणाला, ते निदान स्वतःच्या बाबतीत त्यानं खरं करून दाखवलं.

"सांग ना," आत्या परवा म्हणाली, ब्लेडनं पेन्सिलीला टोक काढता काढता, "सही करताना त्यानं स्वतःला ओळखलं होतं का? आणि ओळखून केली असेल, तर इतकी वर्षं मी त्याचा सूड घेत होते, की त्याचंच काम करत होते?"